रत्ना, नालीत मीच ओतलं होतं

रत्ना,

आपलं एक भांडण अर्धं राहिलं. तू पडलीस त्याच्या दोन दिवस आधी डबा खाताना तू पुन्हा तेच काढलंस. आपल्या जिवाणूच्या भिंतीत टायकोइक आम्लाच्या ज्या लांब साखळ्या असतात, ती भिंत की कोठी? तू म्हणायचीस, कोठी. साखळीच्या प्रत्येक कडीत स्फुरद असतो, बाहेर तो मिळेनासा झाला की जिवाणू आपलीच जुनी साखळी मोडून खातो आणि जगतो. मी म्हणायचे, मग तिच्या जागी तो लगेच दुसरी, बिनस्फुरदाची साखळी का विणतो? नुसती कोठी असती तर रिकामी ठेवली असती. त्याला भिंतीत ऋणभाराची साखळी लागतेच, एक नाही तर दुसरी, म्हणजे ती भिंतच झाली ना? तू भाकरीचा तुकडा माझ्या तोंडासमोर नाचवत म्हणालीस, "दुकानदाराची पोरगी असून तुले कोठी ओळखता येत नाई, काय म्हणावं तुले!" मी उत्तर शोधत होते तेवढ्यात लाईट गेली, आणि फ्लास्क हलवत ठेवणारा शेकर बंद पडला म्हणून तू उठून पळालीस.

मला उत्तर सुचलं ते सेवाग्रामच्या दवाखान्यात, तुझ्या खाटेशी उभी असताना. तू डोळे उघडत नव्हतीस. डोक्यातली नस फुटली होती, एवढंच आम्हाला सांगितलं.

पण आज मी ते भांडण पुढे न्यायला बसले नाही. ज्यावरून आपण कधीच भांडलो नाही ते सांगायचं आहे. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तू मला एक प्रश्न विचारलास. मी एका शब्दात उत्तर दिलं. ते खोटं होतं.

जाम गावाच्या रस्त्यावरच्या बाबांच्या गोडाऊनमागे दोन खोल्या रिकाम्या होत्या. एम.एस्सी. झाल्यावर तू अल्लीपूरला घरी होतीस, ट्यूशन घेत होतीस. मी हिंगणघाटात विजूभाऊच्या कृषी सेवा केंद्रात बिलं फाडत होते. जमिनीत अडकून बसलेला स्फुरद पिकाला मोकळा करून देणारे जिवाणू वाढवायचे, बाटल्यांत भरायचे आणि पेरणीच्या आधी गावागावांत पोचवायचे, ही कल्पना तुझी. खोल्या आमच्या, दुकान भावाचं, डोकं तुझं. पहिल्याच आठवड्यात तू ओळखलंस की मी पास होण्यापुरतंच वाचलं होतं. म्हणून तू मला नव्याने शिकवलंस, तेही रागावता रागावता. चहाच्या टपरीवरच्या खाटेवर बसवलंस आणि सुतळीत बोट घालून म्हणालीस, "पाह्य, अशी उभी-आडवी वीण, एकावर एक थर, ते पेप्टिडोग्लायकन. अन् या विणीतून आरपार बाहेर निघालेली कुसळं, ते टायकोइक. वीण जाड हाये म्हून तो जांभळा रंग धरून ठेवते. ज्याची वीण पातळ त्याचा रंग धुऊन जाते." टपरीवाला ऐकत होता. तो म्हणाला, "मॅडम, खाट तोडू नका."

मला जे काही येतं ते तुझ्यामुळे येतं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुला ते आवडलंही नसतं.

त्या उन्हाळ्यात मावशीच्या, म्हणजे तुझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तू तीन दिवस सुट्टी घेतलीस. जाताना दारातून परत आलीस आणि म्हणालीस, "नासकं काही निघालं त आधी कुकरमधून काढजो. मंगच फेकजो. कितीबी घाई असली तरी." ऑटोक्लेव्हला आपण कुकर म्हणायचो. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक फ्लास्क बघितला तर रात्री गढूळ असलेलं पाणी नितळ झालेलं, वर बारीक तंतू तरंगत होते. लाईट पहाटेपासून गेलेली. कुकर चालणार नव्हता. दुपारी भाऊची गाडी बाटल्या न्यायला येणार होती आणि अर्ध्या बाटल्यांना लेबलं लावायची होती. मी फ्लास्क उचलला, मागची खिडकी उघडली आणि खालच्या नालीत ओतून दिला. वर एक बादली पाणी मारलं. एक फ्लास्क तर होता! त्याच खिडकीतला पंखा बाहेरची हवा आत ओढायचा, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तू परत आलीस तेव्हा मी सांगितलं नाही. लपवलं असंही नाही, सांगण्यासारखं वाटलंच नाही.

मग जिवाणू वाढवायची मोठी टाकी नासली. सकाळी मठ्ठ्यासारखी दाट होती, जेवणाच्या वेळेपर्यंत आरपार दिसायला लागली. तू काचेला नाक लावून उभी होतीस. सगळं धुतलं, उकळलं, नव्याने लावलं. दुसरी टाकी गेली. तिसरीही गेली. पेरणी तोंडावर आली होती, आणि भाऊने तालुकाभर शब्द देऊन ठेवले होते.

विजूभाऊ आला तो थेट आतल्या खोलीत, चपला घालून. बाटल्या धुणाऱ्या दोघी बाया दारात उभ्या होत्या. त्याने टाकीकडे बघितलं, तुझ्याकडे नाही. मला म्हणाला, "हात धुते का नाई ते?"

मी म्हटलं, "भाऊ, काय बोलून राह्यला?"

"काय म्हंजे? आपल्या घरी दुधातुपाचं करतो आपण, कधी नासलं का? हे हाताचं असते. कोन हात लावते त्याच्यावर असते."

 त्याने काय म्हटलं ते तुला कळलं, मला कळलं, दारातल्या बायांना कळलं. तुझ्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. वाटलं आता तू ओरडशील आणि निघून जाशील. तू कपाटातून तीन प्लेटा काढल्यास. त्यांत अगर थिजवलेलं होतं, जिवाणूंसाठीची जेली. एकीवर तू आपली पाच बोटं टेकवलीस, न धुता. दुसरी माझ्यापुढे ठेवलीस, मी टेकवली. तिसरी भाऊपुढे धरलीस.

"लावा भाऊ. उद्या पाहू कोनाच्या हातात काय हाये ते."

"मले काय काम नाई का दुसरं?" असं म्हणत तो मागे सरकला आणि निघून गेला. तिसरी प्लेट तू तशीच झाकून ठेवलीस.

दुसऱ्या दिवशी तुझ्या पाच बोटांच्या जागी पांढरे-पिवळे ठिपके होते आणि माझ्या पाच बोटांच्या जागीही. तू दोन्हींच्या स्लाइड केल्यास, रंग दिलास, मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलंस. द्राक्षांच्या घडासारखे गोल गोल, सगळे जांभळे. "हे सगळ्यांच्या कातडीवर असतेत," तू म्हणालीस. "यांनी एवढी मोठी टाकी दोन तासांत नितळ होत नाई. हे वाढले असते त टाकी आणखी गढूळ झाली असती. नीता, कोणी तरी त्याहीले फोडून राह्यलं." तुझ्या आवाजात राग नव्हता. त्या दिवसापासून तू भाऊशी एक शब्द जास्तीचा बोलली नाहीस.

तू नितळ झालेलं पाणी बारीक गाळणीतून काढलंस, इतक्या बारीक की कुठलाच जिवाणू त्यातून जाणार नाही. प्लेटवर आपला जिवाणू दाट पेरलास आणि मधोमध त्या गाळलेल्या पाण्याचा एक थेंब ठेवलास. सकाळी सगळी प्लेट दुधाळ होती आणि थेंबाच्या जागी गोल, स्वच्छ भोक पडलं होतं. फाज. जिवाणूंनाच लागणारा विषाणू. तो त्याच कुसळांना येऊन चिकटतो, टायकोइकच्या साखळीला, आणि तिथूनच आत शिरतो.

मग तू नालीतलं पाणी आणलंस, गाळलंस, थेंब ठेवलास. भोक पडलं. खिडकीच्या चौकटीवरची धूळ पाण्यात कालवलीस. भोक पडलं.

मला तेव्हा कळलं, रत्ना. प्लेट तुझ्या हातात होती आणि मला मी ओतलेला तो फ्लास्क दिसत होता.

तू प्लेट खाली ठेवलीस. माझ्याकडे वळलीस. "नीता, मी नव्हती तवा तू मांगं काही ओतलं का?"

बाहेर भाऊ आला होता, गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला होता. हे तो ऐकेल, खोल्या बंद करेल, मी परत बिलं फाडत बसेन. एवढ्या सगळ्याचा विचार मी किती वेळात केला असेल? डोळ्याची पापणीही लवली नसेल.

"नाई," मी म्हटलं.

तू बघत राहिलीस. मग म्हणालीस, "बरं."

आणि बाहेर जाऊन भाऊला म्हणालीस, "भाऊ, रोग सापडला. माहीच चूक. मीच मांगं नालीत ओतलं असन, ध्यानात नाई राह्यलं." भाऊने दारातून माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी सांगत नव्हतो का, अशा नजरेने. मी आतून ऐकत होते. हातातला रुमाल पिळत होते. बाहेर यायला चार पावलं होती.

ती मी टाकली नाहीत.

तू तसं का म्हणालीस? शोध थांबावा आणि काम सुरू व्हावं म्हणून? माझी खोली वाचावी म्हणून? की मी नाही म्हटलं ते तुला खरं वाटलं आणि मग उरलीस तू एकटीच? यातलं काय होतं, हे विचारायला माझ्याकडे तीन वर्षं होती.

पुढचे पंधरा दिवस आपण दोघी जिवाच्या आकांताने भांडलो, कारण ज्यावरून भांडायचं त्यावरून मी भांडू शकत नव्हते. फाजच्या तावडीतून वाचलेले थोडे जिवाणू प्लेटवर उगवले होते. मी म्हटलं, हेच वाढवू, फाज यांना लागत नाही, भराभर बाटल्या भरू. तू म्हणालीस, "काऊन लागत नाई ते पाह्य ना आधी. यांची कुसळंच बिघडलीत. मुळाले चिकटन का नाई, कोनाले माईत?" मी म्हटलं, शेतकऱ्याला काय कळतं. तू तेव्हा माझ्यावर खरंच ओरडलीस, पहिल्यांदाच. "माहा बाप दुसऱ्याच्या वावरात राबला नीता. त्याले कळत नव्हतं असं कोनी म्हटलं असतं त मी त्याचं तोंड फोडलं असतं."

तू हरभऱ्याची रोपं लावलीस, मुळं धुऊन तपासलीस. वाचलेले जिवाणू धुण्यातच निघून जात होते. म्हणजे तुझंच खरं. मग तू जुना, चांगला जिवाणू घेतलास आणि त्याला स्फुरद मोजून दिलास, जेमतेम जगेल एवढाच. उपाशी ठेवल्यावर त्याने टायकोइकची साखळी काढली आणि दुसरी, टायकुरोनिकची विणली. फाजला धरायला काही उरलं नाही. "वावरात गेला की खाईन-पिईन अन् पुन्हा आपली कुसळं काढन," तू म्हणालीस. वाढ सावकाश होत होती. टाकी भरायला दुप्पट वेळ लागत होता. नाली आपण चुन्याने आणि ब्लीचिंगने धुतली, खिडकी विटांनी बंद केली. बाटल्या कमी निघाल्या, उशिरा निघाल्या, पण एकही परत आली नाही. शेवटची गाडी गेल्यावर तू टाकीशेजारच्या फरशीवर आडवी झालीस आणि पंधरा मिनिटं घोरत झोपलीस. मी तुझ्या अंगावर एप्रन टाकला. तेव्हा उठवून सांगायला हवं होतं.

भाऊ मात्र सांगत राहिला. दुकानात, लग्नात, बसस्टँडवर. "बाई हुशार हाये, पन पाह्यलं ना, तिनंच नासवलं होतं सगळं." दोन वर्षांनी तू वर्ध्याच्या एका कॉलेजात अर्ज केलास. पक्की जागा होती. मुलाखत चांगली झाली म्हणून तू पेढे नाही, खारी बुंदी आणलीस. तिथल्या विभागप्रमुखांची शेती आहे आणि खत भाऊच्या दुकानातून जातं. त्यांनी भाऊला फोन केला. मी बिलाच्या टेबलावर होते. भाऊ म्हणाला, "हुशारीत कमी नाई सर. पन हात स्वच्छ नाई. आमचा पुरा माल गेलता तिच्यापायी."

मी हातातलं पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

तू आठ दिवसांनी म्हणालीस, "जागा भरली म्हणे दुसऱ्या कोनानं." मी म्हटलं, जाऊ दे, आपली खोली आहे ना. तू म्हणालीस, "हो. तेवढी हाये."

काल तुझ्या जलदान विधीला अल्लीपूरला गेले. घरापुढे मांडव होता. त्रिशरण झालं, पंचशील झालं, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. फोटो एम.एस्सी.चा, त्यात तू इतकी बारीक होतीस की मला क्षणभर दुसरीच कोणी वाटली. जेवणं सुरू झाली तेव्हा मावशीने मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. तिच्या हातात वाढायची खिरीची वाटी तशीच होती.

"नीता पोरी, एक विचारू? तू खरं सांगजो."

"विचारा ना मावशी."

"इथं लोक म्हनतेत, रत्नाच्या हातानं तिकडचा माल नासला होता, म्हून तिले कॉलेजात घेतलं नाई. मी तिले विचारलंतं. ते नुसती हासली. तू त तिथंच होती."

बाहेर पंगतीत कोणी तरी पाणी मागत होतं. मी म्हटलं, "नाई मावशी. मी ओतलं होतं. तिनं नाई. तिनं माहं आपल्या अंगावर घेतलं."

तिने वाटी खाली ठेवली. "तिले माईत होतं, तू होती म्हून?"

"माईत नाई. तिनं विचारलं, त मी नाई म्हटलं."

मला वाटलं ती रडेल किंवा मला शिव्या देईल. मी दोन्हींची तयारी केली होती. तिने पदराने वाटीची कड पुसली. मग म्हणाली, "हे मले सांगून काय होते? माही पोरगी कशी होती ते मले माईतच हाये. ज्याहीले माईत नाई त्याहीले सांग." आणि वाटी उचलून ती बाहेर वाढायला गेली. जाताना वळून म्हणाली, "जेवून जाजो."

मी जेवले, रत्ना. मावशी समोर उभी होती.

आज दुपारी दुकानात गेले. चार-पाच गिऱ्हाईकं होती, भाऊ बियाण्यांच्या पिशव्या मोजून देत होता. मी काउंटरच्या आत गेले नाही, गिऱ्हाईकांत उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "भाऊ, तीन वर्षांपूर्वी नालीत मी ओतलं होतं. रत्नानं नाई. रत्ना त्या दिवशी इथं नव्हतीच, अल्लीपूरले होती, तिच्या आईचं ऑपरेशन होतं."

भाऊचे हात थांबले. "आता कायले उकरून राह्यली? ते त गेली बिचारी."

"तू सगळ्याईले सांगितलं तिनं नासवलं म्हून. इथंच उभं राहून सांगितलं. मी ऐकलं अन् गप्प राह्यली. म्हून इथंच सांगून राह्यली."

एक म्हातारे गृहस्थ, ज्यांनी तुझ्या हातून दरवर्षी बाटल्या नेल्या, त्यांनी आपली पिशवी काउंटरवर परत ठेवली.  भाऊ खुर्चीत बसला. त्याचं तोंड लाल झालं, मग उतरलं. गिऱ्हाईकं एकेक करून निघून गेली तरी तो उठला नाही.

"मी वर्ध्याच्या सरले काय सांगितलं होतं," तो शेवटी म्हणाला, "तू ऐकलं होतं का ते?"

"ऐकलं होतं."

"मंग तवा काऊन नाई बोलली?"

 त्याने खिशातून फोन काढला, नंबर शोधायला त्याला बराच वेळ लागला. फोन त्याने टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला. मी ऐकावं म्हणून लावला असेल.

"सर, नमस्कार. विजय बोलतो हिंगणघाटहून. नाई, खताचं नाई. ते मागं तुम्ही आमच्याकडच्या रत्नमालाबाईबद्दल विचारलं होतं ना... हो, तेच. मी जे बोललो होतो ते खोटं होतं सर. त्यांची काहीच चूक नव्हती. हात स्वच्छ होते त्यांचे."

पलीकडचा आवाज चांगला होता, आपुलकीचा होता. ते म्हणाले, "अरे वा, बरं झालं सांगितलंत. मला त्यांची मुलाखत आठवते. भिंतीवर फार सुंदर बोलल्या होत्या. आता कुठं अर्ज केलाय त्यांनी? मी बोलतो तिथं."

भाऊने फोन माझ्याकडे सरकवला. 

मी फोन उचलला.

"अर्ज नाई केला सर," मी म्हटलं. "रत्ना गेली."